कॅम्प, कंपू आणि लष्कर

पुण्याच्या वृत्तपत्रांतून महानगरपालिकेचे एक निवेदन वरचेवर प्रसिद्ध होत असते. पर्वती जलकेंद्र, वडगाव जलकेंद्र, लष्कर जलकेंद्र अशी नावे घेऊन, गुरुवारी कोणत्या भागाचा पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी कोठे तो उशिरा व कमी दाबाने होईल, याची भागवार यादी त्यात दिलेली असते. लष्कर जलकेंद्राचे पाणी केवळ सैनिकांकरिता आहे असा समज ती यादी वाचणाऱ्या कोणाही पुणेकराचा होत नाही. कारण लष्कर म्हणजे लष्कर भाग, लष्कर भाग म्हणजे कॅम्प, आणि कॅम्प म्हणजे महात्मा गांधी रस्ता, ईस्ट स्ट्रीट, शिवाजी मार्केट, सेंटर स्ट्रीट हा सारा परिसर, हे समीकरण या शहरात कोणाला शिकवावे लागत नाही. लष्कर पोलीस ठाणे नागरिकांच्या फिर्यादी नोंदवून घेते, आणि ‘आज कॅम्पात जाऊन येऊ’ असे घरात कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ कापड, पादत्राणे, बिस्किटे यांची खरेदी असा सर्वजण घेतात.

इंग्रजी भाषेत कॅम्प हा शब्द अगदी नित्याचा आहे आणि त्याचे अर्थही पुष्कळ आहेत. तंबू ठोकून राहण्याची जागा हा त्यातील मुख्य अर्थ. त्यापासून सैन्याचा तळ, मुलांचे उन्हाळी शिबिर, निर्वासितांची वसाहत, युद्धकैद्यांची छावणी, आणि एखाद्या वादातील एका पक्षाचे लोक, असे अर्थ क्रमाक्रमाने निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुद्दाम केलेल्या नाटकी, भडक वागण्यासही इंग्रजीत हा शब्द लावतात. सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने 1964 मध्ये त्या अर्थावर एक गाजलेला निबंध लिहिला. परंतु या अर्थाचा उगम निश्चित झालेला नाही आणि आपल्या विषयाशी त्याचा संबंध दूरचा आहे. बाकीच्या बहुतेक अर्थांत एक सूत्र मात्र समान आहे, आणि ते म्हणजे अस्थायीपणाचे. जे आज उभे राहते व उद्या उठते ते कॅम्प. असे असूनही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या आपल्या मुलखात शंभर, दोनशे वर्षे ठाण मांडून बसल्या आहेत. हे कसे घडले याचा माग काढू लागले, की रोमच्या मैदानापासून वानवडीच्या ओढ्यापर्यंतचा एक दीर्घ प्रवास डोळ्यांसमोर येतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘काम्पुस’ हे होय. काम्पुस म्हणजे सपाट, उघडे मैदान. प्राचीन रोमच्या जुन्या तटाबाहेर, टायबर नदीच्या वळणात, युद्धदेव मार्स याच्या नावाने राखलेले ‘काम्पुस मार्टियुस’ नावाचे विस्तीर्ण मैदान होते. तेथे तरुण शस्त्रांचा सराव करीत, फौजांची हजेरी घेतली जाई आणि मतदानासाठी नागरिक गटागटाने एकत्र येत. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की सैन्याच्या तळाला मात्र रोमन लोक काम्पुस म्हणत नसत. त्यासाठी त्यांचा शब्द ‘कास्त्रा’ हा होता. भोवती खंदक, खंदकाच्या मातीचा बांध, चार दिशांना चार दरवाजे आणि आत काटकोनात छेदणारे रस्ते, अशी त्या कास्त्राची आखणी सर्वत्र एकसारखी असे. रोमन सैन्य ब्रिटनमधून निघून गेले तरी हा शब्द तेथील भूमीत रुतून राहिला, आणि चेस्टर, मँचेस्टर, लँकेस्टर या शहरांच्या नावांत तो अद्यापि ऐकू येतो. आपल्याकडे ज्या शहराच्या गिरण्यांतील कापडाविरुद्ध स्वदेशीची चळवळ उभी राहिली, त्या मँचेस्टरच्या नावात एका परकीय सैन्याच्या तळाची आठवण दडलेली आहे.

काम्पुस हा शब्द इंग्रजीत दोनदा आला. रोमन साम्राज्याच्या सीमेवर राहणाऱ्या जर्मन टोळ्यांनी तो फार पूर्वी उचलला आणि मैदान या अर्थाऐवजी मैदानावर जे होते ते, म्हणजे लढाई, असा अर्थ त्यास दिला. जर्मन भाषेत लढा या अर्थाचा ‘काम्फ’ हा शब्द या वाटेने आला. या टोळ्यांपैकी ज्या ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झाल्या त्यांच्या जुन्या इंग्रजीतही कॅम्प म्हणजे लढाई असाच अर्थ होता. पुढे तो अर्थ लोपला. इंग्लंडच्या पूर्वेकडील परगण्यांत खेळल्या जाणाऱ्या चेंडूच्या एका दांडग्या खेळाच्या नावात तेवढा तो पुष्कळ दिवस टिकून होता. त्यानंतर सोळाव्या शतकात तोच शब्द इटालियन ‘काम्पो’ व फ्रेंच ‘काँ’ या मार्गाने, सैन्याचा तळ हा अर्थ घेऊन, इंग्रजीत पुन्हा आला. पहिल्या खेपेस तो लढाई होऊन आला होता, दुसऱ्या खेपेस लढाईपूर्वीचा मुक्काम होऊन आला.

आता मराठीकडे वळू. कारण नेमकी हीच गोष्ट मराठीतही घडली, आणि ती पुण्याच्या परिसरात घडली. ‘त्यांचा एक कंपू आहे’, ‘साहित्यातील कंपूशाही’ असे आपण सहज बोलतो आणि लिहितो. एकमेकांची पाठराखण करणारी टोळी, असा आज त्याचा अर्थ आहे. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपू हा फौजेच्या परिभाषेतील भारदस्त शब्द होता, आणि त्याचा अर्थ कवायती पायदळाच्या पलटणी व त्यांचा तोफखाना मिळून होणारे स्वतंत्र दल, असा होता. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात कंपूची स्वतंत्र नोंद आहे. तो इंग्रजी कॅम्पपासून, किंवा अधिक योग्य म्हणजे पोर्तुगीज ‘कांपो’पासून आला असे तेथे म्हटले आहे, आणि मराठ्यांच्या चाकरीतील युरोपीय सेनानींच्या दलांना तो विशेषेकरून लावीत असेही नमूद केले आहे. मला पोर्तुगीज उगमच अधिक सयुक्तिक वाटतो. शब्दान्तीचा स्वर त्याची साक्ष देतो, आणि काडतूस, तुरुंग यांसारखे शब्द पोर्तुगीजांकडून घेणाऱ्या मराठीने त्याच वाटेने हाही घेतला असणे स्वाभाविक आहे. पणजीतील मांडवीकाठच्या कांपाल या भागाचे नाव त्याच कुळातले.

या कंपूचा मराठी इतिहासातील खरा कर्ता पुरुष म्हणजे महादजी शिंदे. पानिपतावर पायास झालेली जखम जन्मभर वागविणाऱ्या या सेनानीने उत्तर हिंदुस्थानातील राजकारणाचा पसारा पाहून एक गोष्ट हेरली होती, की घोडदळाच्या वेगवान हल्ल्यांवर पुढील युद्धे जिंकता येणार नाहीत. बंदुकीची फैर एका हुकमासरशी झाडणारे, पगार वेळेवर मिळणारे आणि तोफांच्या आडोशाने पुढे सरकणारे पायदळ आपल्यापाशी असले पाहिजे. 1784 मध्ये त्यांनी बन्वा द बॉयन या सेनानीस आपल्या चाकरीत घेतले. हा मूळचा आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या सॅव्हॉय प्रांतातील. फ्रेंच, रशियन आणि इंग्रज कंपनी अशा तीन निशाणांखाली त्याची अगोदर चाकरी झालेली. थोड्या पलटणींपासून आरंभ करून त्याने उभारलेल्या फौजेने 1790 मध्ये पाटण आणि मेडता येथील लढाया जिंकल्या, 1793 मध्ये लाखेरीस होळकरांच्या फौजेचा मोड केला, आणि एकाचे तीन कंपू झाले. फौजेच्या खर्चासाठी अलीगढच्या बाजूचा मुलूख त्याच्याकडे लावून दिलेला होता व त्याच्या वसुलातून शिपायांचा पगार नियमाने वाटला जात असे. महिनेच्या महिने तलब थकलेली असण्याच्या त्या काळात ही व्यवस्था विशेष होती. मला तर कवायतीपेक्षाही या नियमित पगारात कंपूच्या बळाचे मूळ दिसते.

1792 च्या जूनमध्ये महादजी पुण्यास आले. बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळविलेल्या वकील-ए-मुतलक या पदाची वस्त्रे सवाई माधवरावांस त्यांनी अर्पण केली. शहराच्या आग्नेयेस वानवडी येथे त्यांचा तळ पडला, आणि 12 फेब्रुवारी 1794 रोजी तेथेच त्यांचा देहान्त झाला. आज शिंद्यांची छत्री म्हणून ओळखली जाणारी वास्तू त्याच जागी उभी आहे. काळ्या दगडाचे शिवमंदिर महादजींच्या वेळचे आहे. त्यासमोरचे दिवाणखान्यासारखे सभागृह, रंगीत काचा आणि शिंदे घराण्यातील पुरुषांची चित्रे ही ग्वाल्हेरच्या वंशजांनी मागाहून केलेली जोड आहे. छत्रीबाहेर पडून उत्तरेच्या बाजूला चालू लागले, की थोड्याच अंतरावर सैन्याच्या बराकी, झाडांच्या रांगा आणि आखीव रस्ते दिसू लागतात व आपण कॅम्पच्या हद्दीत येतो. कंपूच्या धन्याचा अखेरचा तळ आणि इंग्रजांचा कॅम्प हे एकमेकांचे असे शेजारी आहेत. एकाच लॅटिन शब्दाची दोन रूपे, एक पोर्तुगीज वाटेने आलेले आणि दुसरे इंग्रजी वाटेने, या टापूत येऊन भेटली, ही गोष्ट पुणेकरांना ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

महादजींच्या मागे कंपू राहिले. त्यांना वळण लावणारा हात राहिला नाही. 25 ऑक्टोबर 1802 रोजी, दिवाळीच्या दिवसांत, हडपसर आणि वानवडी यांच्या दरम्यानच्या रानात यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दोन्ही बाजूंस कवायती पलटणी होत्या आणि दोन्ही बाजूंस युरोपीय अंमलदार होते. पेशवा दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसईस इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या तहावर त्याने सही केली. पुढच्या वर्षी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, असईच्या रणांगणावर शिंद्यांचे कंपू आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. कंपूंच्या तोफांनी इंग्रज फौजेची जबर हानी केली, तरी विजय वेलस्लीस मिळाला. या मोहिमेतील त्याच्या पत्रांत बेगम समरूचा कंपू, पोलमनचा कंपू असे उल्लेख आहेत. त्याच्या स्वतःच्या भाषेत कॅम्प हा शब्द असताना एका इंग्रज सेनापतीला कंपू हे देशी रूप वापरावेसे वाटले, याचे कारण उघड आहे. त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. कॅम्प म्हणजे जागा, आणि कंपू म्हणजे शत्रूची लढाऊ फौज.

ग्वाल्हेरीस गेलेल्या वाचकांनी तेथे ‘कंपू’ नावाची वस्ती पाहिली असेल. महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, त्या तळाचेच शहर झाले, आणि त्या शहरास लष्कर हे नाव पडले. अशा रीतीने लष्कर आणि कंपू ही पुण्यातील जोडी तेथेही एकत्र नांदते, आणि ती नेणारे लोकही इकडचेच. फौजेतील कंपू संपल्यावर शब्द तेवढा मोकळा झाला. एका म्होरक्याभोवती गोळा झालेले, आपापसात घट्ट बांधलेले आणि बाहेरच्यास आत न घेणारे लोक, एवढा त्यातील गाभा उरला आणि बंदुका, तोफा, कवायत ही सारी गळून पडली. आजच्या कंपूशाहीत निंदेचा जो सूर आहे, तो फौजेच्या काळात त्यात असल्याचे मला दिसत नाही.

मराठीत या शब्दाचे दुसरे येणे इंग्रजांबरोबर झाले. तैनाती फौजेचा पुण्यातील तळ आरंभी शहराच्या पूर्वेस गारपीर येथे होता. हल्लीच्या जिल्हाधिकारी कचेरीच्या बाजूचा तो भाग. 1817 च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस रेसिडेंट एल्फिन्स्टनने ती पलटण तेथून हलवून खडकीकडे नेली, पाच तारखेस खडकीची लढाई झाली, संगमावरील रेसिडेन्सी जळाली, आणि येरवड्याच्या बाजूच्या लढाईनंतर सतरा तारखेस शहर इंग्रजांच्या हाती आले. लागलीच पूर्वेच्या माळावर कायमच्या तळाची आखणी सुरू झाली. परेडची मैदाने, बराकी, अधिकाऱ्यांचे बंगले आणि या सर्वांस लागणारा जिन्नस पुरविणारा बाजार, असा त्याचा क्रम होता. कॅम्पातील जुनी नावे हा क्रम अजून सांगतात. सदर बाजार हा छावणीचा मुख्य बाजार. मोदीखाना म्हणजे धान्य व शिधा पुरविणाऱ्या मोद्यांची जागा. शिंपी आळीत शिंप्यांची घरे. गोळीबार मैदान म्हणजे निशाणबाजीची जागा. पलटणींच्या मागोमाग पारशी, बोहरी, ज्यू, गोव्याकडचे ख्रिस्ती, तमिळ व तेलुगू बोलणारे कारागीर आणि कामाठी आले. सेंट मेरी चर्च 1825 मध्ये उभे राहिले, आणि डेव्हिड ससून यांनी बांधविलेले लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे ज्यू प्रार्थनामंदिर 1867 मध्ये पुरे झाले. लोकांनी त्याचे नाव आपल्या पद्धतीने लाल देऊळ असे ठेवले. मेन स्ट्रीटचा महात्मा गांधी रस्ता आणि कॅनॉट मार्केटचे शिवाजी मार्केट स्वातंत्र्यानंतर झाले. मात्र कॅम्प हे नाव बदलावे असे कोणास वाटले नाही.

मराठीस या अर्थाचा शब्द नव्हता म्हणून तो घेतला, असे मुळीच नाही. तळ, मुक्काम, गोट, डेरा, छावणी, शिबिर, इतके शब्द घरात होते आणि प्रत्येकाची छटा निराळी होती. त्यांपैकी छावणी हा शब्द मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. छावणे म्हणजे आच्छादणे, शाकारणे. पावसाळ्यात फौज पुढे जाऊ शकत नाही, नद्यांना पूर असतात, घोड्यांच्या टापा चिखलात रुततात, तेव्हा चार महिने गवताने शाकारलेल्या आसऱ्यात राहावयाचे, ती छावणी. दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघावयाचे आणि आषाढाच्या तोंडी छावणीस यावयाचे, हे मराठी फौजांचे वर्ष होते. युरोपात ऋतू उलटे पडत असत, कारण तेथे सैन्य हिवाळ्यात वस्तीच्या जागी राही आणि उन्हाळ्यात उघड्या मैदानी मुलखात, म्हणजे फ्रेंचांच्या ‘काँपान्य’मध्ये, उतरे, त्यावरून मोहिमेस इंग्रजीत कॅम्पेन हा शब्द आला. कॅम्प आणि कॅम्पेन ही एका मैदानाची दोन अपत्ये आहेत. आज निवडणुकीच्या प्रचारास इंग्रजीत कॅम्पेन म्हणतात आणि पोलिओच्या लसीकरणास आपण मोहीम म्हणतो; दोन्ही भाषांनी तलवारीचा शब्द नागरी कामाला लावला. छावणीचेही तसेच झाले. दुष्काळी वर्षांत माणदेशात, बीडकडे, नगरकडे शेतकरी आपली जनावरे घेऊन चारा छावणीत जातात आणि पाऊस पडेपर्यंत तेथेच राहतात. त्या शब्दातील आसऱ्याचा मूळ अर्थ तेथे अद्यापि जिवंत आहे.

सैन्याचा तळ उठून जावा आणि त्याचे नाव मागे राहावे, हा प्रकार अनेक भाषांत सापडतो. संस्कृतमध्ये कटक म्हणजे सैन्य आणि सैन्याचा तळही. ‘अटकेपासून कटकेपर्यंत’ असे आपण मराठ्यांच्या विस्ताराबद्दल म्हणतो, त्यातील ओडिशाचे कटक हे याच शब्दाचे शहर होय. तुर्की भाषेत ‘ओर्दू’ म्हणजे छावणी. दिल्लीच्या बादशाही छावणीच्या बोलीस त्यावरून उर्दू हे नाव मिळाले, आणि तोच शब्द युरोपात जाऊन इंग्रजीत झुंड या अर्थाचा ‘होर्ड’ झाला. लष्कर हा फार्सी शब्द तर समुद्रावर गेला. पोर्तुगीजांनी त्यापासून केलेल्या रूपावरून हिंदी खलाशांना इंग्रज जहाजांवर ‘लास्कर’ म्हणू लागले, आणि कोकण, गुजरात, बंगालच्या किनाऱ्यावरील हजारो खलाशांनी हे नाव घेऊन जगभरच्या बंदरांत कष्ट उपसले. पुण्यात इंग्रजांच्या कॅम्पला लोकांनी लष्कर म्हटले तेव्हा एका परकीय शब्दाचे दुसऱ्या, अगोदर घरचा झालेल्या, परकीय शब्दाने भाषांतर झाले होते.

हे नाव पुण्यापुरते राहिले नाही. बेळगाव कॅम्प, देवळाली कॅम्प, मालेगाव कॅम्प, नगरजवळचे भिंगार कॅम्प, आणि छत्रपती संभाजीनगरची छावणी, अशी मराठी मुलखातील कोणतीही यादी करू लागले की ती लांबत जाते. यांपैकी देवळालीने इंग्रजी भाषेस एक शब्द दिला. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत नाशिकजवळच्या या कॅम्पात ठेवले जात. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत वसंतात संपे त्याला काम नाही, कवायत नाही, पुढे नुसता उन्हाळा आणि पावसाळा, अशा स्थितीत महिनोन्महिने काढावे लागत. त्या रिकाम्या दिवसांत कित्येकांच्या डोक्यावर परिणाम होई, आणि त्यास सोजीर ‘डुलाली टॅप’ म्हणत. डुलाली हे देवळालीचे त्यांच्या तोंडचे रूप, आणि टॅप हा आपला ताप. इंग्लंडात आजही भ्रमिष्ट माणसास डुलाली म्हणतात, आणि तो शब्द दारणेकाठच्या एका गावाचा आहे हे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

फाळणीनंतर या शब्दावर दुःखाचा एक थर चढला. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी उभारलेल्या लष्करी तळाच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्यात आला; 1949 मध्ये त्या वस्तीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी तेथील भाग अद्यापि कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच ओळखले जातात आणि लोक पत्त्यात तसेच लिहितात. पिंपरीची सिंधी वस्ती, तिचा गजबजलेला बाजार, हेही पिंपरी कॅम्पच. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात पोलंडमधील सुमारे पाच हजार निर्वासित, त्यांत मुख्यत्वे बायका आणि मुले, सैबेरियातील हद्दपारी व इराणचा मार्ग ओलांडून येऊन राहिले होते. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी कुटुंबे आली आणि आजचे गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेले, उभे राहिले.

पुण्यातही कॅम्प हा शब्द एकदा भीतीचा झाला होता. 1897 च्या प्लेगात प्लेग अधिकारी रँड याच्या अधिकाराखाली गोरे सोजीर मार्चपासून मेपर्यंत घरोघर झडत्या घेत होते. रोग्यास इस्पितळात आणि त्याच्या घरच्या माणसांस सेग्रिगेशन कॅम्पात नेले जाई. देवघरापर्यंत बुटांनिशी शिरणाऱ्या त्या झडत्यांची आणि सक्तीने घर सोडावे लागण्याची चीड 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळीतून प्रकट झाली. याच साथीत 10 मार्च रोजी सावित्रीबाई फुले निवर्तल्या. हडपसरजवळच्या माळावर त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव यांनी थाटलेल्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली होती. एक कॅम्प सरकारी सक्तीचा आणि एक तळ स्वेच्छेने पत्करलेल्या सेवेचा, असे दोन्ही त्या एका वसंतात पुण्याने पाहिले, आणि दुसऱ्याची आठवण मला अधिक मोलाची वाटते.

शासकीय दफ्तरांत हा शब्द आणखी एका रूपाने रुळला. कलेक्टर, मामलेदार फिरतीवर निघत तेव्हा राहुट्या, दफ्तराच्या पेट्या, शिरस्तेदार, कारकून, पट्टेवाले असा सारा सरंजाम बरोबर असे, आणि जेथे मुक्काम पडे तेथूनच हुकूम सुटत. म्हणून पत्राच्या माथ्यावर गावाच्या नावामागे कॅम्प असे लिहिण्याची वहिवाट पडली. राहुट्या गेल्या, जीपगाड्या आल्या, तरी ती वहिवाट चालू आहे. मूळ लॅटिन रूप तेवढे विद्येच्या क्षेत्रात शिरले: 1774 च्या सुमारास अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाभोवतालच्या मैदानास कोणी कॅम्पस म्हटले आणि तो शब्द जगभर गेला. गणेशखिंडीतील गव्हर्नराच्या निवासस्थानी 1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, आणि तेथील वडाखाली बसणारी मुले ज्याला कॅम्पस म्हणतात, तो कॅम्पच्या आणि कंपूच्या आज्याचाच मुक्काम आहे.

आता छावणी मंडळांच्या नागरी वस्त्या लगतच्या नगरपालिकांत व महानगरपालिकांत समाविष्ट करण्याचे केंद्र सरकारचे धोरण आहे; हिमाचलातील योल येथे 2023 मध्ये त्याची सुरुवात झाली आणि पुणे व खडकी यांचाही विचार चालू आहे. कारभाराच्या दृष्टीने जे योग्य असेल ते होवो. परंतु नवीन प्रभाग पडले, त्यांना क्रमांक आणि नवी नावे मिळाली, की मोदीखाना, शिंपी आळी, सदर बाजार ही नावे प्रथम पाट्यांवरून आणि नंतर बोलण्यातून जातील, हे अनुभवास आलेले आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश याच पुण्यात 1932 ते 1938 या काळात सात खंडांत सिद्ध झाला. त्या परंपरेतील पुढच्या कोशकारांनी कॅम्प या शब्दापुढे शिबिर एवढाच अर्थ न देता पुण्याचा हा अर्थही द्यावा, कारण ‘कॅम्पात’, ‘कॅम्पातला’ अशी विभक्ती ज्यास पुणेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या लावली तो शब्द मराठीच आहे. आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा कॅम्पात दुकान, शिवणकाम, खाणावळ वा बेकरी चालवीत होते, त्या वाचकांस माझी विनंती आहे, की आपल्या घरातील वडीलधारी मंडळी ज्या गल्लीला, चौकाला, विहिरीला, मैदानाला ज्या नावाने हाक मारतात, ते नाव आणि त्याची हकीकत त्यांच्याकडून आजच लिहून घ्यावी व भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या दफ्तरी तिची एक प्रत द्यावी.